निवासी योग-ध्यान शिबिराला जाताय? आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे एकवीस

पाच दिवसांच्या शिबिरात कुणाचंही शरीर लवचिक होत नाही. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) ज्याचे हात पहिल्या दिवशी नडगीपर्यंत जातात, त्याचे पाचव्या दिवशी घोट्याच्या जवळपास पोचतात, एवढंच. बदलतात त्या चार साध्या गोष्टी: झोपेची वेळ, रात्रीच्या जेवणाची वेळ, श्वासाचा वेग आणि दिवसातून फोन कितीदा हातात येतो तो आकडा. शांत झोप, हलकं पोट, चिडचिड कमी होणं, रक्तदाब थोडा खाली येणं हे जे फायदे सांगितले जातात, ते बहुतेक या चारांतूनच येतात. म्हणून तयारीही या चारांचीच करायची. नवीन मॅट आणि पांढरे कुडते नंतर घेतले तरी चालतात.

आधी जागा नीट ओळखा

‘योग आणि ध्यान शिबिर’ या एका पाटीखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलं. आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहायचं, ही तिथली परंपरा. आसनं, प्राणायाम, शुद्धिक्रिया (नाक, आतडी धुण्यासारख्या) आणि आहार हे सगळं एकत्र हवं असेल आणि जोडीला वैद्यकीय तपासणी हवी असेल, तर अशी जागा बरी. पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ साली गांधीजींच्या पुढाकाराने उभा राहिला. तिथला भर आहार, माती-पाण्याचे उपचार आणि विश्रांतीवर आहे. पोट, वजन, सांधे अशा तक्रारी घेऊन जाणाऱ्यांना ती जागा जवळची वाटते.

इगतपुरीच्या धम्मगिरीची गोष्ट वेगळी. तिथे १९७६ पासून विपश्यनेची, म्हणजे मौनात श्वास आणि शरीरातल्या संवेदना पाहत बसण्याच्या ध्यानाची, दहा दिवसांची शिबिरं होतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, पूर्ण मौन, फोन जमा. आणि आसनं, प्राणायाम, जप, पूजा हे सगळं त्या काळापुरतं बंद. फिरायला परवानगी असते, सूर्यनमस्काराला नसते. ‘थोडा योगा, थोडं ध्यान’ अशा अपेक्षेने गेलेला माणूस तिथे तिसऱ्या दिवशी बॅग भरायला लागतो, आणि दोष जागेचा नसतो. आणखी एक हमखास होणारी चूक: दहा दिवसांच्या शिबिरासाठी रजाही दहाच दिवसांची टाकणं. आदल्या दिवशी दुपारी हजर व्हायचं असतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते, त्यामुळे रजा बारा दिवसांची लागते. शिबिराला शुल्क नसतं, ते पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान देता येतं.

पहिल्यांदाच जात असाल आणि घरी सलग दहा मिनिटंही डोळे मिटून बसला नसाल, तर सुरुवात तीन ते पाच दिवसांच्या मिश्र शिबिरापासून करा.

खाजगी रिसॉर्टमध्ये बुकिंग करण्याआधी फोनवर काही गोष्टी विचाराव्याच लागतात. एका वर्गात किती माणसं? एका शिक्षकामागे पंधरापर्यंत ठीक. पंचवीसच्या वर आकडा गेला आणि सोबत मदतनीस नसेल, तर तुमची चुकलेली मान कुणाला दिसणार नाही. शिक्षक कुठे शिकले, आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. त्यात संकोच नको. प्रवेशअर्जात आजार आणि औषधांची माहिती मागतात का? न मागणाऱ्या ठिकाणी जाऊच नका. पूर्ण दिवसाचं वेळापत्रक लेखी मागवा. त्यात ‘ध्यान’ दिवसाकाठी वीस मिनिटं आणि ‘साइटसीइंग’ तीन तास असेल, तर ती सहल आहे. सहलीलाही हरकत नाही, फक्त पैसे सहलीचेच द्या.

आधीचे पंधरा दिवस

सगळ्यात आधी चहा. बहुतेक शिबिरांत चहा-कॉफी नसते, किंवा काढा मिळतो. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने एकदम सोडला, की १२ ते २४ तासांत डोकं जड होतं, पहिले दोन दिवस चांगलंच ठणकतं आणि पुढे आठवडाभरही कुरकुर राहू शकते. ‘शरीरातली विषं बाहेर पडतायत’ असं कुणीतरी तेव्हा समजावतं. विषं-बिषं काही नाही, चहा तुटलाय. ती डोकेदुखी घेऊन ध्यानाला बसण्यापेक्षा पंधरा दिवस आधी एक कप कमी करा, मग दर तीन दिवसांनी अजून एक. शेवटचे तीन दिवस सकाळचा अर्धा कप. दुपारचा आधी सोडा, सकाळचा शेवटी.

उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. साडेसातला उठणारा पंधरा दिवसांत पावणेसहापर्यंत येतो. रात्री झोप मात्र तेवढीच अलीकडे यायला हवी, नाहीतर शिबिराला पोचता तेच थकून. जेवण संध्याकाळी साडेसात-आठला उरकायचं. मुंबईत नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही, हे मान्य. मग निदान रात्रीचा भात-आमटीचा डबा निम्मा करा आणि सहाच्या सुमारास काहीतरी खाऊन घ्या.

बसण्याची सवय हा तिसरा भाग. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, दुसऱ्यात वीस, जमिनीवर. इथे ध्यान करायचं नाही, नुसतं बसायचं. टीव्हीसमोर बसलात तरी चालेल. गुडघे, घोटे आणि पाठ यांना सराव हवा आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट्स, दमा यांपैकी काहीही असेल तर जाण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा आणि गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या न्या. रक्तदाबाच्या माणसाचा गोंधळ असा होतो: शिबिरात मीठ कमी, ताण कमी, झोप जास्त, आणि गोळी तीच. चौथ्या दिवशी शवासनातून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उठताना कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, क्षणभर बसा, मग उभे राहा. गोळी मनाने कमी करू नका. तिथल्या डॉक्टरांना सांगून रक्तदाब मोजून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उशिरा नाश्ता किंवा फलाहाराचा दिवस धोक्याचा ठरू शकतो. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर कायम ठेवा आणि उपवासाला सरळ नाही म्हणा.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर सर्वांगासन आणि हलासन वगळा. कमरेत गादी सरकली असेल तर पुढे वाकण्याची आसनं जपून. हर्निया, गरोदरपण, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरात, झटक्याने श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार करू नका.

मनाच्या आजाराबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. बायपोलर, सायकोसिस, तीव्र नैराश्य किंवा नुकताच बसलेला मोठा धक्का, अशा अवस्थेत दीर्घ मौनाचं शिबिर त्रास वाढवू शकतं. बोलायला कुणी नाही, झोप कमी, दिवसभर स्वतःच्याच विचारांसोबत, हे सगळ्यांना मानवत नाही. अर्जात खरं लिहा. चालू गोळ्या शिबिरासाठी बंद करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला, आणि ते ‘थांबा’ म्हणाले तर थांबा.

बॅग

ढगळ सुती कपड्यांचे रोज एक याप्रमाणे जोड, एक जाड चादर, पातळ शाल, पाण्याची बाटली, टॉर्च, साधं गजराचं घड्याळ (फोन जमा होणार आहे), ओडोमॉस. जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळा-इगतपुरीला कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्तीचे आणि त्यातला एक लवकर वाळणारा. खोलीत घोरणारा सोबती मिळणार असं धरूनच कानात घालायला कापूस न्या. घट्ट जीन्स आणि पुस्तकं घरीच राहू द्या.

बैठक: पंचवीस मिनिटांत काय होतं

नवख्या माणसाचा सगळा खेळ इथे बिघडतो, म्हणून हे सावकाश.

सोलापुरी चादरीच्या घड्या घालून दहा ते पंधरा सेंटीमीटर उंचीचं आसन करा. त्यावर मध्यभागी बसू नका. पुढच्या कडेला, पुढच्या एक तृतीयांश भागावर बसा, म्हणजे कंबर आपोआप थोडी पुढे झुकते आणि पाठीला ताठ राहायला कष्ट पडत नाहीत. आता गुडघे बघा. ते कमरेच्या सांध्यापेक्षा खाली असले पाहिजेत. वर राहत असतील तर अजून एक घडी. अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली गुंडाळलेला टॉवेल. पद्मासनाचा हट्ट नको. साधी मांडी किंवा एका पायापुढे दुसरा मोकळा ठेवून बसणं पुरेसं आहे. गुडघा आतल्या बाजूने ओढला जातोय असं वाटलं तर लगेच सोडा. तो ताण खरं तर खुब्याचा असतो, खुबा वळत नाही म्हणून गुडघा पिळला जातो. साठीपुढच्यांनी खुर्ची मागून घ्यावी आणि पाठ न टेकता, पाऊलं जमिनीवर सपाट ठेवून बसावं. त्याने ध्यानाचं काही कमी होत नाही.

हात मांडीवर, कोपरं सैल. डोळे मिटा आणि नाकाच्या टोकाशी श्वास आत जाताना थोडा गार, बाहेर येताना थोडा कोमट लागतो तिथे लक्ष ठेवा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. मध्येच लक्ष भाजीच्या पिशवीकडे किंवा ऑफिसच्या मेलकडे गेलं की एकपासून सुरू. आपण सत्तेचाळीसवर पोचलो असं अचानक कळलं, तर तोंडाने मोजणी चालू होती आणि लक्ष गावभर फिरत होतं. हसून पुन्हा एकवर यायचं. सुरुवातीला तिनाच्या पुढे जाणं कठीण असतं, आणि ते बरोबरच आहे.

पहिली तीन-चार मिनिटं खाज, घसा, आवंढा यांत जातात. आठ-दहा मिनिटांनी पाठ गोल व्हायला लागते. तेव्हा खांदे मागे ओढू नका. डोक्याचा शेंडा वर उचलल्यासारखा करा, पाठ मागोमाग सरळ होते. पंधराव्या मिनिटाच्या आसपास पाय बधीर होतो. त्यात मुख्यतः मज्जातंतू दबलेला असतो. घंटा वाजल्यावर घाईने उभे राहू नका. बधीर पायावर पाऊल वाकडं पडून घोटा मुरगळणं हा शिबिरातला अगदी नेहमीचा अपघात आहे. पाय पसरा, बोटं हलवा, मुंग्या ओसरेपर्यंत थांबा.

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडून समोर जमिनीवर दीड मीटरवर नजर ठेवा. दुपारी जेवणानंतरच्या बैठकीला डुलकी लागते, तिचं फार मनावर घेऊ नका.

प्राणायाम आणि शुद्धिक्रिया

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कंटाळवाणा प्राणायाम म्हणजे सावकाश श्वास. चार अंक आत, सहा अंक बाहेर, प्रत्येक अंक एक सेकंदाचा. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटांपासून दहापर्यंत वाढवा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी मंदावते, आणि रात्री अंथरुणात हेच केलं तर झोप लवकर लागते. चूक इथे अशी होते की लोक सावकाश करताना प्रत्येक श्वास छाती भरून घेतात. मग ओठ आणि बोटं मुंग्यांसारखी झिणझिणतात, डोकं हलकं होतं. त्याला ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त हळू.

कपालभाती रिकाम्या पोटी, २० ते ३० झटके, मध्ये साधे श्वास, असे तीन फेरे. झटका पोटाचा असतो. खांदे उडत असतील तर चुकतंय. पाचशे-हजार झटक्यांच्या शर्यतीत उतरू नका.

जलनेती म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. त्यासाठी पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं सरळ कधीच नाही. अर्ध्या लिटरला एक सपाट चमचा साधं मीठ, म्हणजे साधारण साडेचार-पाच ग्रॅम. मीठ कमी पडलं की नाकात झणका जातो, जास्त झालं तरी जळजळतं. जमलेलं प्रमाण अश्रूंइतकं खारट लागतं. मान बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडाने. अर्धं पाणी एका नाकपुडीतून, अर्धं दुसऱ्या. खरी काळजी नंतरची आहे: पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके फुंका. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे ढकललं जातं आणि संध्याकाळी कान दुखतो. नाक पूर्ण चोंदलेलं असताना, कान वाहत असताना किंवा नाकातून रक्त येत असेल तर नेती करू नका.

शंखप्रक्षालन म्हणजे कोमट मिठाचं पाणी पिऊन ठराविक आसनांनी ते आतड्यांतून काढणं. हे फक्त जाणकार शिक्षक समोर असतानाच करावं. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सर यांचा त्रास असलेल्यांनी करूच नये. झाल्यावर तासाभरात तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी खायची, दूध, कच्चं आणि तिखट काही दिवस बंद. हे सक्तीचं आहे असं कुणी म्हणालं तर नकार देण्याचा हक्क तुमचा आहे.

ताट

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात मिताहाराचं, म्हणजे मोजक्या जेवणाचं, माप दिलं आहे: पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवायचं. व्यवहारात, दुसऱ्यांदा वाढायला आलं की थांबायचं. शिबिरातला स्वयंपाक सहसा दुधी, लाल भोपळा, मूगडाळ, भाकरी, ताक असा असतो. पहिल्या दोन दिवसांत दोन तक्रारी येतात. एक बद्धकोष्ठता, कारण वेळ बदलली आणि चहा गेला. सकाळी उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी आणि पंधरा मिनिटं चालणं यावर भागतं. दुसरी वात, कारण घरी काकडीच्या चार चकत्या खाणारा माणूस इथे वाटीभर मोड आलेले मूग आणि ताटभर कोशिंबीर खातो. कच्चं मूठभरच घ्या, मोड वाफवून मागा. पाच दिवसांत दीड किलो कमी झालं तर त्यातलं बरंचसं पाणी असतं, आठवड्यात परत येतं. ‘डिटॉक्स’च्या नावाने जास्तीचे पैसे देऊ नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंड फुकटात करतात.

तिसरा दिवस

पहिला दिवस नवलाईचा, दुसरा अंगदुखीचा. तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचा मूड उतरतो. कारण नसताना रडू येणं, शेजारच्याच्या खोकण्याचा संताप, ‘हे मी का करतोय’ असं वाटणं. आवाज आणि स्क्रीन बंद झाल्यावर मागे पडलेलं वर येतं. त्या दिवशी निघायचा निर्णय घेऊ नका, शिक्षकांना मात्र सांगा. मौनातही शिक्षकांशी बोलता येतं, हे लोक विसरतात. पण सलग दोन रात्री अजिबात झोप नाही, छातीत धडधड थांबत नाही, भास होतायत किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, असं काही असेल तर बैठक लगेच थांबवा, डॉक्टर बोलवायला सांगा आणि घरच्यांना कळवा.

घरी आल्यावरचे एकवीस दिवस

बहुतेकांचं शिबिर लोणावळ्याच्या स्टेशनवर, वडापावच्या गाडीसमोर संपतं. एक वडापाव खा, बिघडत नाही. फोन मात्र त्या दिवशी रात्रीपर्यंत बंदच ठेवा. पाचशे मेसेज आहेत तिथेच राहतील.

पूर्ण शिबिर घरी आणायचा प्रयत्न पहिल्याच सोमवारी फसतो. दीड तासाचा कार्यक्रम आखणारा चौथ्या दिवशी काहीच करत नाही. अर्धा तास ठरवा: बारा मिनिटं आसनं (ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, शवासन), आठ मिनिटं चार-सहाचा श्वास, दहा मिनिटं बैठक. जागा एकच, चादर तीच, घडी घालून तिथेच ठेवलेली. घरात सकाळी डबे आणि शाळेची गडबड असेल तर ही वेळ घरच्यांशी बोलून ठरवा. सहा ते साडेसहा गॅसपाशी दुसरं कुणीतरी उभं राहणार असेल, तरच ती वेळ खरी. विशेषतः बायकांच्या बाबतीत हे बोलणं झाल्याशिवाय बाकीची तयारी फुकट जाते.

एका वहीत रोज तीन आकडे लिहा: झोपायची वेळ, सकाळी उठण्यापूर्वी मोजलेली मिनिटाची नाडी, आणि आदल्या दिवशीच्या चहाचे कप. रक्तदाब असेल तर आठवड्यातून दोनदा तोही, त्याच वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजलेला. साधारण नवव्या-दहाव्या दिवशी लग्न, पाहुणे किंवा रात्रपाळीमुळे खंड पडतो. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून एक तास करू नका. चादरीवर फक्त दहा मिनिटं बसा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या तासावर या. एकविसाव्या दिवशी वही उघडून पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यातली झोपायची वेळ शेजारी शेजारी ठेवा. ती अर्ध्या तासाने जरी अलीकडे आली असेल, तर पुढचं शिबिर सहा महिन्यांनी ठरवायला हरकत नाही. आली नसेल, तर ते पैसे आधी जवळच्या योगवर्गाच्या तीन महिन्यांवर खर्च करा.